रंगातलं मीठ

१८ ऑगस्ट, सोमवार

पाणी: दोन तांबे. लघवी: सात वेळा. रंग: लाल.

डॉक्टरांनी रोज असं लिहून आणायला सांगितलंय. आणि लिहायला कोण? मी! नानाजीदादाचं लिहिणं सहीपुरतं. वहिनीनं शाळा पाहिलेली नाही. त्यांची धनश्री पुण्याला, तिला सुट्टी नाही. मग भावजयीच्या लघवीचा रंग टिपायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, वाडीहून, नणंद हजर. तीस वर्षं बालवाडीत पोरांची हजेरी लिहिली, आता ही हजेरी! वही औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली, पानं भरपूर. उरलेल्या जागेत माझं लिहीन. कोण वाचणार आहे — दादा?

सोनोग्राफीत उत्तरावहिनीच्या लघवीच्या पिशवीत गाठ दिसली. लाल जायला लागून पाच महिने झाले म्हणे. पाच महिने! दादाला विचारलं तर म्हणतो, "जुना रंग उतरत असंन, असं वाटलं." आमच्या सूत रंगवणाऱ्या घरात हे असंच. रंगाच्या खोलीत काम केलं की लघवीला रंग येतो, दोन दिवसांनी जातो, त्यात घाबरायचं काय — मी लहानपणापासून हेच ऐकत आले. पण वहिनीनं रंगाची कढई बंद करून पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी कुठला रंग उतरतो?

संध्याकाळी वहिनीनं विचारलं, काय लिहिलं. वाचून दाखवलं. हसली. "लाल काय लिहून राहिल्या बाई? लाल का एकच असते? डाळिंब लिहा. थोडा काथ पडलेलं डाळिंब."

मी खोडलं नाही. लाल ते लाल.

१९ ऑगस्ट

पाणी: अडीच तांबे. लघवी: नऊ वेळा. रंग: लाल. (तिच्या मते शेंदरी.)

२१ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरांनी वही उघडली. लाल, लाल, लाल. "सारखंच जातं का, मावशी?" तर वहिनी बोलायला लागली — सोमवारी डाळिंब, मंगळवारी शेंदरी, काल सकाळी कुंकू, सांजेला विटकरी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला एवढं कसं कळतं हो?"

"जलमभर रंगच केला ना साहेब."

झालं! मग डॉक्टर तिच्याशीच बोलत बसले. मी शेजारी वही धरून. वहीकडे परत कुणी पाहिलंसुद्धा नाही.

कोणते रंग? पुडीचे. हातमोजे? कसले हातमोजे! आणि मीठ. सुताच्या रंगात मीठ घालावं लागतं, नाहीतर धागा रंग धरत नाही. ते पुरेसं झालं की नाही हे आमच्याकडे बोट बुडवून जिभेवर पाहत, वरणाचं पाहतात तसं. हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा बदलला. वहिनी आपली कौतुकानं सांगत होती. बाबा म्हणत, "उत्तराच्या जिभेपुढं तराजू झक मारते." माझ्यादेखत म्हणत! पोटची पोर मी, आणि जीभ तिची.

"त्या काळातल्या काही रंगांमुळं हा आजार होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "पंचवीस-तीस वर्षांनीसुद्धा."

आता खरं लिहिते, कोणी वाचत नाही म्हणून. ते ऐकून पहिलं काय आलं मनात? आजारसुद्धा हिला बाबांच्या हातचा मिळाला! मला काय मिळालं? गुडघे. तेही वाडीच्या जिन्यानं दिलेले.

"घरात आधी कुणाला असं झालं होतं?" मी म्हटलं, नाही. आई लवकर गेली, मी तेरा वर्षांची होते, पण ती पोटाच्या दुखण्यानं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

आता फोटो काढायचे. आधी कॉन्ट्रास्टचा सीटी, मग एमआरआय. गाठ वरवर असेल तर दुर्बिणीतून खरवडता येते, पिशवी राहते. भिंतीच्या मांसात शिरली असेल तर पिशवीच काढावी लागते — मग पोटावर बाहेरून थैली, मरेपर्यंत. सगळं त्या एकाच गोष्टीवर अडलंय. वरवर की आत.

परत येताना दादा ऑटोत दोनदा म्हणाला, "वरवरच असंन." तिनं मान हलवली.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. सगळे रस्ते बंद, किडनीची तपासणी सोमवारवर गेली. सीटीसाठी नसेतून देतात ते औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून आधी रक्त पाहतात.

तांडापेठेतल्या या घराच्या गॅलरीतून सगळं दिसतं. खाली पोरं घसा फोडून — "रोगराई घेऊन जा गे मारबत!" वहिनी हात जोडून उभी. ओठ हलत होते. मीही जोडले. काय मागितलं? वहिनीचा आजार ने, म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, माझा हेवा घेऊन जा गे मारबत. छप्पन्न वर्षांची बाई मी, नातवंडं असती एव्हाना — आणि हे मागणं!

नेला नाही. संध्याकाळी दादा तिच्यासाठी कोथिंबिरीची गरम सांबारवडी घेऊन आला. एकच पुडा. मग माझ्याकडं बघून, "तू खाशील का वं?"

खाशील का! मी म्हटलं, नको, पोट भरलंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सीटी झाला.

तिथं दीक्षा म्हणून मुलगी आहे, मशीन तीच चालवते. हाताला सुई लावताना समजावून सांगत होती. "मावशी, नसेतून औषध जाईल. सगळं अंग गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही पण. घाबराचं नाही."

वहिनी म्हणते, "रंगच टाकता म्हणे. कोणता हाय?"

"पाण्यासारखा असते मावशी. फोटोत पांढरा दिसते."

"पाण्यासारखा रंग! हा तं आमच्या मामंजीले बी नसता जमला."

दीक्षा हसली. बाहेरचा शिपाई हसला. एक म्हातारा पेशंट हसला. तिनं तोंड उघडलं की लोक हसतात. मी बालवाडीत तीस वर्षं गोष्टी सांगितल्या, पोरं झोपायची.

आम्ही बाहेर बाकावर. आतून मशीनचा हिंदी आवाज — सांस रोकिए, सांस छोडिए. एकदा झालं, मग थांबवलं. औषध किडनीतून खाली पिशवीत उतरायला वेळ लागतो, ते उतरलं की परत फोटो. तेवढ्या वेळात दादानं तीनदा विचारलं, "झालं का गा?" शिपायाला. शेवटी शिपाई दुसरीकडं जाऊन बसला.

परतताना ऑटोत वहिनी तोंड वाकडं करून म्हणाली, "जिभेले लोखंड लागून राहिलं." मग जरा थांबून, "मीठ कमी हाय."

मी खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईतो. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

फिल्म मिळाली ती खिडकीला धरून पाहिली. दादा नाही म्हणाला, त्याच्याच्यानं बघवेना. पिशवी पांढरीशुभ्र, गोल. आणि डाव्या अंगाला भाकरीचा घास तोडावा तशी काळी जागा. इतकी मोठी? तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली मला. हेवा-बिवा काही नाही, नुसती भीती.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. पाणी: तीन तांबे. लघवी: दहा वेळा. रंग: कुंकू. (आज लाल लिहिलं नाही. कुंकूच होता.)

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तिचा परकर भिजवायला बादली हवी होती. दादा म्हणाला, खालच्या खोलीत पाहा. खालची खोली म्हणजे रंगाची खोली. आता तिथं सिलिंडर, जुनी सायकल, धनश्रीचा पाळणा. भिंतीवर मात्र अजून शिंतोडे. मी दारातच उभी राहिले. आत जायला पाय होईना — छप्पन्नाव्या वर्षी!

चौदा वर्षांची होते. आईला जाऊन वर्ष झालेलं. बाबा बाहेर लडी वाळत घालत होते, कढईत मरून नावाचा काळपट लाल रंग शिजत होता. आई बुडवायची तसं मी बोट बुडवलं. जिभेशी नेणार तोच बाबा आले. अशी थापड मारली — कान दोन दिवस वाजत होता. बाबांनी आयुष्यात मला तेवढं एकदाच मारलं. "पुन्हा या खोलीत पाय ठेवला तं तंगडं तोडून ठेवीन!"

का, तर — "रंग लेकीले देत नसतात. लेक जाते, संगं रंग बी जाते." आमच्यात आहे हे असं. कोणती पुडी कशात किती, हे घराबाहेर जाता कामा नये. मुलगी परक्याचं धन, सून घरची. मला शाळेत घातलं. गल्लीतल्या मुली मागाच्या कांड्या भरायच्या आणि मी दप्तर घेऊन निघायचे. पाहुण्यासारखी राहिले मी माझ्याच घरात.

पाच वर्षांनी उमरेडहून वहिनी आली. दिलं-घेतलं काही नाही, तिच्या घरी खायचे वांधे होते. लग्नाला आठ दिवस झाले असतील. मी कॉलेजातून आले, पुस्तकं छातीशी, आणि दारातून पाहिलं — बाबांनी तिचं बोट धरलंय, आपल्या हातानं कढईत बुडवतायत. "चाख. लक्षात ठेव." ज्या बोटासाठी मला थापड, तेच बोट! बोट तिचं होतं, एवढाच फरक.

त्या दिवसापासून आहे हे माझ्या पोटात. सदतीस वर्षं.

आणि एवढं मिळून तिनं काय केलं? बाबा गेले त्याच महिन्यात कढई भंगारवाल्याला विकली. पुड्या खड्डा करून पुरल्या. धनश्री बारा वर्षांची होती, दारात बसून राहायची — आई, मला शिकव. तर म्हणे, "या घरात आता रंग शिजणार नाही." मला नाही तर नाही, पोटच्या पोरीला तरी द्यायचा! नाही. धनावरचा नाग नुसता. स्वतःही खात नाही, दुसऱ्यालाही देत नाही.

बादली मिळाली नाही. घमेल्यात भिजवला.

३ सप्टेंबर, बुधवार

एमआरआय. अंगावर धातू काही नको. वहिनीनं बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढताना दादाकडं पाहिलं. दादा भिंतीकडं बघायला लागला. जोडवी निघेनात, बोटं जाडावलीत. दीक्षानं स्वतः खाली बसून साबण लावून काढली. दुसऱ्याची पोर पायाशी बसली. मी उभी होते, मला सुचलं नाही.

सगळं माझ्या रुमालात. तिच्या मंगळसूत्रात एक सोन्याची पुतळी आहे. तिचा पहिला मरून रंग बरोबर उतरला तेव्हा बाबांनी दिलेली. मला लग्नात स्टीलचा डबा-सेट दिला. पाऊण तास ती पुतळी माझ्या मुठीत होती. पर्समध्ये टाकावी आणि म्हणावं, पडली वाटतं कुठं. एक क्षणच आलं मनात. आलं म्हणून लिहिते. लाज वाटते म्हणूनही लिहिते.

आतून मशीन ठकठक, ठकठक. दादा म्हणाला, "मागच चालून राहिला जणू." खरंच, बाबांचा हातमाग असाच वाजायचा. बाहेर आली तेव्हा वहिनीचा चेहरा पांढरा पडलेला. मी रुमाल पुढं केला. तिनं मंगळसूत्र माझ्याच हातात ठेवलं आणि पाठ केली. "तुम्हीच घाला बाई, माहे हात कापून राहिले."

घातलं.

५ सप्टेंबर

पाणी, लघवी लिहायची राहिली. आज कुणाशी बोलले नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

रिपोर्ट.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. औषध गेलं की गाठ आजूबाजूच्या मांसाच्या आधी उजळते, तशी उजळली होती. तिच्या खाली पिशवीच्या भिंतीची काळी रेघ. "ही रेघ पाहा. इथपर्यंत अखंड आहे. ती अखंड राहिली असती तर गाठ वरवर. पण इथे—"

वहिनी पुढं वाकली. "तुटली."

डॉक्टर तिच्याकडं वळले.

"किनारीतला तार गेला की अशीच दिसते साहेब. पुढं लुगडं तिथूनच फाटते."

शिरली आहे. पिशवीच्या बाहेर गेलेली दिसत नाही, आजूबाजूच्या लिम्फच्या गाठीही साफ आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, म्हणाले. दुर्बिणीतून तुकडा काढून खात्री करतील.

दादा ढसाढसा रडला. भर दवाखान्यात, साठीचा माणूस. वहिनीनं त्याला पाणी दिलं. मला वाटलं, माझ्यासाठी कोण असं रडेल? घरी येऊन शालिकरामला फोन केला — तुम्ही रडाल का माझ्यासाठी? नवरा म्हणतो, "काहून रडू? तुले काय झालं?"

रेघ तिला कशी दिसली? मी डोळे फाडून पाहत होते. मला नुसतं काळं-करडं दिसलं. शाळा शिकलेली मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

तुकड्याचा रिपोर्टही तोच. आत शिरलेली. आधी तीन-चार वेळा किमोची इंजेक्शनं, मग डिसेंबरात पिशवी काढायची.

घरी आलो. वहिनी फोनवर धनश्रीला सांगत होती, "रडू नोको. तुही आत्या हाय ना अठी. तिच्यामुळंच निभून राहिलं." मला ते ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं! मी फोन ठेवायची वाट पाहिली आणि एकदम विचारलं, "वहिनी, एक सांग मले. तू कढई काहून विकली? बाबांनं मले देल्लं नाही, जाऊ दे. तू धनश्रीले तरी शिकवाचं. काहून एकटीनं दाबून ठेवलं सारं?"

सदतीस वर्षांचं एका दमात बाहेर पडलं. आवाज चढला माझा. कॅन्सरच्या बाईवर ओरडले मी.

तिनं कप खाली ठेवला. बोलणार होती. तेवढ्यात दादा आला. "मंग सांगीन," एवढंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाणी: तीन तांबे. लघवी: दहा वेळा. रंग: डाळिंब.

दादा पीठ दळायला गेला तेव्हा तिनं सांगितलं. बाबांनी मरायच्या आठ दिवस आधी तिला जवळ बसवून सांगितलं होतं. आईचीही लघवी वर्षभर लाल होती. रंग उतरतो, रंग उतरतो म्हणत राहिले. ती गेली तेव्हा बाबांना कळून चुकलं, कशानं गेली ते. लेकीला रंग देत नसतात, हे नुसतं लोकांना सांगायला. माझी थापड त्यासाठी होती. माझी शाळा त्यासाठी.

"तुम्हाले वाचवलं त्यायनं. मंग मी माह्या पोरीले नाही वाचवाचं?"

मी म्हटलं, "पण माहीत होतं तं तुले काहून बसवलं?"

ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, उशाशी ठेवली.

"पंधरा वर्षं झाले, मले तुमचा हेवा वाटते, बाई. लेक ते लेक असते. मी तं आणलेली."